मदत हवी आहे : नाशकात मोडी वाचून देणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या जमिनीची जुनी खरेदीखतं मोडी लिपीत आहेत. आधी पानभर शिरोरेषा आखून मग हात न उचलता लिहिलेला मजकूर, घडीवर कागद जीर्ण. शके आणि गावाचं नाव एवढंच कसंबसं लागतं.

वकील म्हणतात, देवनागरी लिप्यंतर जाणकाराच्या सही-शिक्क्यानिशी हवं आणि पुढे त्याचं इंग्रजी भाषांतरही. ही दोन्ही कामं एकच माणूस करतो का? माझ्या मते नाही. मोडी वाचणाऱ्याला जुनी मापं, हुद्दे, फारसी शब्द कळावे लागतात. भाषांतरकाराला कायद्याची परिभाषा. पुराभिलेख संचालनालय (जुनी सरकारी कागदपत्रं जपणारं राज्याचं खातं) मोडीची परीक्षा घेतं, तर ती पास झालेल्यांची सही चालते का? की कोर्ट वेगळं काही मागतं? भाषा संचालनालय 1960 पासून आहे, पण तिथे सरकारी अनुवाद आणि परिभाषा कोशांचं काम. खाजगी कागद घेतात का?

एका एजंटाने फोटो बघून दोन मिनिटांत 'होऊन जाईल' म्हटलं. तिथेच शंका आली.

पंचवटी, कॉलेज रोड, कुठेही चालेल. दर पानावर असतो की ओळींवर? अनुभव असलेल्यांनीच सांगा, प्लीज. कागदांचे फोटो इथे टाकणार नाही.