मदत हवी आहे: केआरएएस पॉझिटिव्ह म्हणजे औषधच नाही का?

समुद्रकाठ, देवगड:
बाबांचा रिपोर्ट काल आला. गाठीत केआरएएस नावाच्या जनुकात म्यूटेशन, म्हणजे बदल, निघालंय. डॉक्टर म्हणाले, ते इंजेक्शन यांना चालायचं नाही, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मग औषधच नाही का? गुरुवारी परत मुंबई गाठायचीय. लवकर सांगा.

वेंगुर्लेकर:
कसला कॅन्सर? कुठलं इंजेक्शन? केआरएएसपुढे अक्षर-आकडा असेल, तो टाका.

समुद्रकाठ:
मोठ्या आतड्याचा, लिव्हरमध्ये गेलाय. सेटुक्सिमॅब. जी12डी लिहिलंय.

राजापूरची लेक:
सासऱ्यांना फुफ्फुसाचा होता. त्यांच्यात ईजीएफआर बिघडलेलं. रोज एक गोळी. महिन्याभरात धाप कमी होऊन अंगणात फिरायला लागले. तीच गोळी मागा.

लॅबवाला:
ताई, ती गोळी इथे लागू पडणार नाही. समुद्रकाठ, विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर आठवा. ईजीएफआर हे पेशीच्या बाहेरच्या अंगाचं बटण. वाढीचा निरोप आला की दाबलं जातं. केआरएएस आतला कॉन्टॅक्टर, वीज जोडणारा-तोडणारा. जीटीपी हा पेशीतला छोटा रेणू धरला की चालू, तो तुटून जीडीपी झाला की बंद. 12व्या जागी ग्लायसिनऐवजी अस्पार्टिक आम्ल आलं, हेच जी12डी, की जीटीपी नीट तुटत नाही. पॉइंट चिकटले. सेटुक्सिमॅब बाहेरचं बटण धरून ठेवतं, पण पंप चालूच राहतो. म्हणून डॉक्टर नको म्हणाले. औषध संपलेलं नाही! केमो आहेच. शिवाय बेवासिझुमॅब नव्या रक्तवाहिन्यांचा निरोप अडवतं, ते केआरएएस बदललेलं असलं तरी देता येतं. त्याबद्दल विचारा. एमएसआय, म्हणजे गाठीच्या डीएनएतल्या चुका दुरुस्त होतात की नाही ते दाखवणारी तपासणी, झालीय का?

वेंगुर्लेकर:
केआरएएसवर सोटोरासिब आहे की! 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

लॅबवाला:
ती जी12सीवर. बाबांचं डी आहे. शेवटचं अक्षर बघत जा हो, माणसं आशेवर असतात.

किनाऱ्यावरचो:
तुका सांगतंय, हळद घालून कोकमाचो काढो सकाळी दी. आमच्या काकीक बरा वाटला.

लॅबवाला:
केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता काढा नको. लिव्हरवर आधीच भार आहे.

राजापूरची लेक:
हे मुलांत उतरतं का?

लॅबवाला:
केआरएएसचा हा बदल गाठीतल्या पेशींत झालेला असतो, आईबापाकडून आलेला नसतो. तरी समुद्रकाठ, बाबांना झालाय म्हटल्यावर तुम्हा भावंडांची आतड्याची तपासणी कधी करायची, ते विचारून ठेवा.

वेंगुर्लेकर:
महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड बरोबर न्या.

समुद्रकाठ:
एमएसआय दिसत नाहीय. रिपोर्टचं दुसरं पानच नाही, झेरॉक्सवाल्याकडे राहिलं असणार. सकाळी दुकान उघडलं की जातो.