कोरियातला जुना वाडा: सासऱ्यांना कुठला दाखवू?

ओसरी: आम्ही सोलजवळ राहतो. मेमध्ये पुण्याहून सासू-सासरे येतायत. सासरे वाडेवेडे. राजवाडे नकोत, म्हणतात, 'माणसं राहायची ते दाखव.' सासूबाईंचे गुडघे दुखतात. जुन्या घरांचं हाहवे गाव की आणखी कुठे?

पायपीट: हाहवे सुंदरच, पण अख्खं गाव पायी फिरावं लागतं. गुडघ्यांचं बघता गांगनुंगचं सनग्योजांग बरं. सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने दोनेक तास, पुढे टॅक्सी. अठराव्या शतकातलं यांगबान, म्हणजे सरदार-विद्वान घराण्याचं घर. नावाचा अर्थ होड्यांचा पूल. पूर्वी ग्यांगफो तळ्याचं पाणी घरापर्यंत यायचं. पुरुषांची बैठक, यलह्वादांग, 1815 ची. तिच्यापुढे तांब्याच्या पत्र्याची पडवी आहे, रशियन वकिलातीने दिलेली. कौलारू घराला ही परकी पडवी मला तरी जरा विजोडच वाटली. कमळतळ्यात पाय सोडून बसलेला ह्वाल्लेजंग मंडप मात्र चुकवू नका. कमळं उन्हाळ्यात फुलतात, मेमध्ये नुसती पानंच.

कणगी: सासऱ्यांना एक मुक्काम झेपत असेल तर दक्षिणेला गुर्‍येचं उन्जोरू. 1776 चं घर. तिथे लाकडाचा बुंधा पोखरून केलेली तांदळाची कणगी आहे. खाली भोकाला लाकडी खिट्टी, तिच्यावर चार चिनी अक्षरं: 'परक्यानेही उघडावी'. गरजवंताने खिट्टी फिरवायची, तांदूळ न्यायचा, कुणाला विचारायचं नाही. धुराडीसुद्धा बुटकी, उपाशी शेजाऱ्याला आपल्या चुलीचा धूर दिसू नये म्हणून. मी तर त्या कणगीपाशीच अर्धा तास रेंगाळलो.

ओसरी: कणगी ऐकून सासरे हट्टच धरतील! पण सासूबाईंमुळे यंदा गांगनुंगच. तिथे वाड्यात राहता येतं ना?

पायपीट: येतं, पण गादी जमिनीवर. ओन्दोल म्हणजे फरशीखालून ऊब, मेमध्ये तिची तशी गरज नाही. खाली बसून उठणं जड जात असेल तर रात्री हॉटेलच बरं. आणि जोती उंच असतात, आधी दगडी पायरी, मग पडवी. सासूबाईंना हात द्यायला कुणीतरी शेजारी हवं. बूट पायरीवरच काढायचे, तेव्हा नाडीचे नकोत.

ओसरी: चपला घालायला सांगते. तिकिटं आजच काढते.