हनुक्का शिकवताना मुलांना भूमिका द्याव्यात का?

पाटीपेन्सिल:
मी न्यू जर्सीत सहावीला प्राचीन इतिहास शिकवते. डिसेंबरात वर्गात हनुक्का हा ज्यूंचा सण येतो तो दिवे, भोवरा आणि बटाट्याच्या टिक्क्या एवढाच. मंदिरातल्या दिव्याचं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, गोष्ट संपली. खरं तर तेलाची गोष्ट तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली, कित्येक शतकांनंतरची. मक्काबींच्या, म्हणजे राजाविरुद्ध बंड करणाऱ्या ज्यू घराण्याच्या, पहिल्या ग्रंथात ती नाहीच. तिथे आहे ते फार अवघड आहे, आणि तेच मुलांपर्यंत पोचावं म्हणून यंदा मी भूमिका देऊन तास घेतला.

प्रसंग असा: सेल्युसिड या ग्रीक घराण्याचा राजा चौथा अँटिऑकस याने इ.स.पू. १६७ च्या सुमारास सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस), तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) या सगळ्यांवर बंदी घातली. रानात लपलेल्या ज्यूंवर सैनिक नेमके शब्बाथच्या दिवशी चालून गेले. त्या दिवशी लढायचं नाही म्हणून या लोकांनी साधा दगडही उचलला नाही. बायकामुलांसकट सुमारे हजार माणसं मेली. ही बातमी बंडाचा म्होरक्या मत्तिथ्या आणि त्याच्या मुलांकडे पोचते. आता पुढच्या शब्बाथला काय करायचं?

मुलांना एवढाच प्रश्न दिला. तलवारी नाहीत, खोट्या दाढ्या नाहीत. कुणी म्हातारा पुजारी, कुणी लेकुरवाळी बाई, कुणी जेरुसलेमच्या ग्रीक व्यायामशाळेत शिकलेला तरुण. शेवटी हात वर करून मत घेतलं. एक मुलगी म्हणाली, "नियम वाचवायला नियमच मोडला, तर वाचलं काय?" माझ्या व्याख्यानातून असा प्रश्न कधी आला नव्हता. पण दोन पालकांनी आक्षेप घेतलाय. तुम्हाला काय वाटतं?

एक_पालक:
आक्षेप माझाही आहे. हा काही मेलेल्या संस्कृतीचा सण नाही, शेजारच्या घरात आजही दिवे लागतात. आणि हजार माणसं मेली तो प्रसंग बारा वर्षांच्या मुलांनी करायचा? वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय शिक्षकांना सांगतं की पीडितांचे अनुभव वर्गात वठवून घेऊ नका. मान्य, हनुक्का म्हणजे होलोकॉस्ट नव्हे. पण कारण तेच: मुलांना वाटतं, आपण ते भोगलं, आपल्याला कळलं.

पाटीपेन्सिल:
मरणं आम्ही वठवलं नाही. नंतरचा निर्णय घेतला. हा फरक माझ्यासाठी मोठा आहे.

खडूफळा:
मी महाराष्ट्रात इतिहास शिकवतो. एका शाळेत शिवजयंतीच्या नाटकात अफझलखान कोण होणार हा प्रश्न निघाला आणि सगळ्या वर्गाच्या माना एकाच मुलाकडे वळल्या. कुणी काही बोललं नाही, पण त्या मुलाला कळलं आणि मलाही कळलं. तेव्हापासून मी भूमिका वाटत नाही. मॅडम, तुमच्या वर्गात राजाचा अधिकारी कोण झालं होतं?

पाटीपेन्सिल:
एक मुलगा. चिठ्ठी टाकून. पुढच्या वेळी ते काम मी स्वतः करेन, हे तुमचं वाचून ठरवलं.

कोर्लईचा_वारा:
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, आजोळ अलिबागकडचं. हनुक्का आमच्या कोकणातल्या जुन्या सणांत नव्हता, तो आम्ही मागाहून शिकलो. पण शब्बाथ होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. बाकी पुष्कळ विसरलो, हे विसरलो नाही. त्यामुळे शब्बाथवर मत घेतलं हे वाचून मला कसंसंच झालं.

तरीही भूमिकेला माझा विरोध नाही. पेसाह म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेचा सण, त्या रात्री आम्ही दुसरं काय करतो? प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असं मानावं, असं हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, सांगते. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. ती आमचीच माणसं आहेत.

आणि ताई, एक गोष्ट तुम्ही गाळलीत का? मोदीन या आपल्या गावी मत्तिथ्याने आधी मारला तो राजाचा अधिकारी नव्हता. राजाच्या हुकमाप्रमाणे वेदीवर बळी द्यायला पुढे आलेला ज्यू होता. हे सांगितलं नाही तर मुलं एवढंच शिकतात की ग्रीक वाईट होते.

पाटीपेन्सिल:
गाळली होती. वय लहान म्हणून. चूक झाली असं आता वाटतं.

एक_पालक:
कोर्लई, तुमचा पेसाह तुम्ही करता, तुमच्या आजीच्या साक्षीने. तीच गोष्ट चाळीस मिनिटांच्या तासात, ज्यांचा तो सण नाही अशा मुलांनी केली की ती वेगळी होते. पाटीपेन्सिल, वर्गात ज्यू मुलं किती? त्यांच्या घरी आधी विचारलंत?

पाटीपेन्सिल:
एकच मुलगा. नाही विचारलं. आक्षेप घेणाऱ्या दोघांपैकी एक त्याची आई. त्यांच्या घरी शब्बाथ कडक पाळतात. मत घेतलं तेव्हा त्याने हात वर केलाच नाही, दोन्ही वेळा. मला वाटलं, विचार करतोय. मत्तिथ्याने काय ठरवलं ते मी वाचून दाखवलं, कुणी चालून आलं तर शब्बाथलाही लढायचं, तेव्हा तो मान खाली घालून वही आवरत होता. हा निर्णय त्याला बहुधा आधीपासून माहीत होता, कशासाठी घ्यावा लागला तेही. मी त्याला एकदाही विचारलं नाही. सोमवारी आईंना भेटायला जातेय.