मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ मूळ की संयुक्त? चाचणीत बाकी ० येते

घातांक
सी भाषेत फर्माची चाचणी लिहिली आहे (स विषम मूळ असेल तर २^(स−१) ला स ने भागल्यावर बाकी १ यायलाच हवी). संख्या स = ४२९४९६७२९७, म्हणजे २^३२ + १. ३२ बिटांत ती मावत नाही, तिचा १ होतो. म्हणून सगळं अनसाइन्ड ६४ बिटांत नेलं. तरी २^(स−१) ला स ने भागल्यावर बाकी ० येते. कागदावर १ येते. १ आली म्हणजे मूळ ना? मग सगळीकडे संयुक्त का म्हणतात?

शेषराव
० येणं शक्यच नाही. स विषम आहे, २ चा कुठलाच घात त्याने निःशेष जाणार नाही. पाच वेळा वर्ग केल्यावर तुमच्याकडे २^३२ असतं. सहाव्या वर्गाला नेमकं २^६४ होतं आणि ६४ बिटांत त्याचं शून्य! एका बिटासाठी घात झालाय. गुणाकार १२८ बिटांत करा, नाहीतर पायथन वापरा.

कागदावरची १ बरोबर आहे, पण पाया २ इथे बिनकामाचा. २^३२ ची बाकी −१, तिचा वर्ग १, पुढे १ च. कुठलीही फर्मा संख्या, म्हणजे २^(२^न) + १ या रूपाची, पाया २ ची ही चाचणी पास होते, मूळ असो वा नसो. पाया ३ घ्या, पेपँची चाचणी: स मूळ असेल तरच ३^(२^३१) ची बाकी स−१ येईल. येते १०३२४३०३. विषय संपला, संयुक्त.

घातांक
अवयव कसे काढायचे? २, ३, ५, ७ करत जायचं?

त्रिज्या
इतकी हमाली नको. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८क + १ या रूपाचा असतो (ऑयलरकडे ६४क + १ होतं, लुकासने ते आवळलं). १२९, ३८५, ५१३ संयुक्त आहेत. २५७ ने बाकी २ उरते. पुढचा ६४१, आणि लागला: ६४१ × ६७००४१७. ऑयलरने हे १७३२ मध्ये काढलं.

भागाकार न करता पडताळा: ६४१ = ५×२^७ + १ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५×२^७ ची बाकी −१, चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ घाला: −२^३२ ची बाकी १. झालं.

घातांक
आणि ६७००४१७ मूळच कशावरून?

त्रिज्या
त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंत १२८क + १ रूपाच्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद. उरलेल्यांच्या बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२.

शेषराव
स संयुक्त असल्याचा दुसरा पुरावा हवा असेल तर: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९², दोन्हींची बेरीज स च. दोन वर्गांची बेरीज म्हणून मूळ संख्या फार तर एकाच प्रकारे लिहिता येते.

प्रोग्राम दुरुस्त केल्यावर ३^(२^३२) ची बाकी ३०२९०२६१६० येते का ते पाहा. नसेल येत, तर अजून कुठेतरी ६४ बिटांचा गुणाकार राहिलाय.