ऑस्ट्रेलियातल्या सरकारी शाळेत चॅप्लेन: संमतीपत्रावर सही करावी का?

ब्रिस्बेनवासी:
मुलीच्या सरकारी शाळेतून चॅप्लेनला भेटण्यासाठी संमतीपत्र आलंय. सरकारी शाळेत धर्मसंस्थेचा माणूस चालतोच कसा? आणि नाही म्हटलं तर अडीनडीला तिने बोलायचं कोणाशी?

दक्षिणवारा:
सगळा घोळ दोन गोष्टी एकत्र केल्याने होतो. आरआय म्हणजे धर्मशिक्षणाचा तास. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडच्या कायद्यानुसार तो शाळेच्या वेळेत आठवड्याला जास्तीत जास्त 1 तास घेता येतो. नको असेल तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा, तोंडी सांगून भागत नाही.

चॅप्लेन वेगळा. मुलं त्याला ‘चॅपी’ म्हणतात. सकाळचा नाश्ता क्लब, मैदानावर एकट्या पडलेल्या मुलाची विचारपूस, घरात कोणी गेलं किंवा आईवडील वेगळे झाले तर आधार, ही त्याची कामं. धर्मप्रसाराला त्याला मनाई आहे.

मात्र त्याची नेमणूक सहसा शाळा करत नाही. एसयू ऑस्ट्रेलियासारखी (पूर्वीची स्क्रिप्चर युनियन क्वीन्सलँड) ख्रिस्ती संस्था करते. केंद्राचं अनुदान शाळेमागे वर्षाला साधारण 20,000 डॉलर. त्यात पूर्णवेळ पगार निघत नाही, आठवड्याचे दोनेक दिवस भागतात. वरचे पैसे देणग्यांतून उभे राहतात, त्यात स्थानिक चर्चचा हात मोठा. संबंध असा घट्ट असताना काय चालेल आणि काय नाही, हे पालकांनीच स्पष्ट लिहून द्यायला हवं.

म्हणून सरसकट सही करू नका. एकट्याने भेट, गटातले उपक्रम, शाळेबाहेरचं शिबिर, प्रार्थना असलेला कार्यक्रम, प्रत्येकासमोर हो किंवा नाही लिहा. फॉर्मवर जागा नसेल तर ईमेल करा. तक्रार असली तर आधी मुख्याध्यापक, मग नेमणारी संस्था.

कलम_अठ्ठावीस:
‘चालतोच कसा’ याचं उत्तर. चॅप्लेनसाठी अनुदानाची ही योजना पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या केंद्र सरकारने 2006 मध्ये जाहीर केली. टूवूम्बाच्या रॉन विल्यम्स या पालकाने हायकोर्टात (तिथलं तेच सर्वोच्च न्यायालय) आव्हान दिलं आणि 2012 व 2014 अशा दोन्ही वेळा तो जिंकला. पण कशावर? केंद्राला असा खर्च करण्याचा अधिकार आहे का, यावर. ऑस्ट्रेलियाच्या घटनेच्या कलम 116 चा धार्मिक कसोटीचा मुद्दा (केंद्राच्या पदासाठी धर्माची अट घालता येत नाही) 2012 मध्येच फेटाळला गेला: चॅप्लेन हा केंद्राचा पदाधिकारी नाही. मग केंद्राने तोच पैसा राज्यांमार्फत दिला आणि योजना चालू राहिली.

आपल्या घटनेचं कलम 28(1) पूर्णपणे सरकारी पैशावरच्या संस्थेत धर्मशिक्षणच बंद करतं. तसं कलम तिथे नाही. 116 केंद्राला बांधतं, राज्यांना नाही, आणि शाळा राज्यांच्या. माझ्या मते खरी कमतरता हीच.

मनमोकळं:
मुलीची सोय अडत नाही. क्वीन्सलँडच्या शाळांत गायडन्स ऑफिसर (मुलांना सल्ला देणारा शाळेचा कर्मचारी) असतो, चॅप्लेनसाठी संमती न देताही त्याच्याकडे जाता येतं. त्याची वेळ कशी ठरवायची ते ऑफिसात विचारून ठेवा. चॅपीची किमान पात्रता म्हणजे युवाकार्य किंवा तत्सम विषयातलं सर्टिफिकेट फोर, म्हणजे पदवीखालचं व्यावसायिक प्रमाणपत्र. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. स्वतःला इजा, खाणं टाकणं, घरी मारहाण अशा गोष्टी त्याने स्वतः हाताळायच्या नसतात, पुढे पाठवायच्या असतात. कुठे आणि किती लवकर पाठवतात, हे शाळेला जरूर विचारा.

आणखी एक. 2023 पासून शाळेला या अनुदानातून चॅप्लेनऐवजी धर्मनिरपेक्ष वेलबीइंग ऑफिसर नेमता येतो. निवड शाळेची असते, म्हणून पी अँड सी च्या (शाळेतल्या पालक-नागरिक संघाच्या) बैठकीत हा विषय पुढचा करार होण्याआधी मांडा.