टाळेबंदी पुन्हा लागली तर पेठेतल्या घराघरांत मदत कशी पोहोचवावी?

प्रश्न : तालमीचा कार्यकर्ता, शिवाजी पेठ, कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

पुराचा आराखडा आपण पावसाळ्यापूर्वी करून ठेवतो, तसाच साथीच्या काळातल्या टाळेबंदीचाही करून ठेवावा, असे आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, बैठकीत यंदा ठरले आहे. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते आणि त्या आकड्यावरून कोणी केव्हा घर सोडायचे, जनावरे कुठे हलवायची, हे ठरते. साथीच्या बाबतीत तसे काहीच ठरलेले नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळे बंद झाले तेव्हा आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हाही प्रत्येक मंडळाने आपापल्या परीने धावाधाव केली. परंतु त्यातले काय उपयोगी पडले आणि कशामुळे उलट गर्दीच वाढली, याची नोंद आमच्या भागात तरी कोणी लिहून ठेवलेली नाही.

आमच्या भागात जुने वाडे आहेत. एकेका वाड्यात चार-पाच बिऱ्हाडे राहतात, नळ आणि शौचालय सामायिक असते, आणि मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेल्यामुळे एकटे राहणारे वृद्धही पुष्कळ आहेत. काही खोल्यांमधून परप्रांतीय कामगार भाड्याने राहतात. बैठकीत तीन सूचना आल्या आहेत : तालमीसमोर शिध्याच्या पिशव्या वाटणे, गल्ल्यांमधून जंतुनाशकाची फवारणी करणे आणि सर्व रहिवाशांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट करणे. ज्यांनी त्या काळात प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : आशा सेविका, कोल्हापूर शहर

दादा, आराखडा करायला घेतलात हे फार चांगले केलेत. पहिली सूचना मात्र सोडून द्या, असे मी आग्रहाने सांगते. टाळेबंदी लावतात ती माणसे एका ठिकाणी जमू नयेत म्हणून, आणि आपण तालमीसमोर पिशव्या मांडून बसलो की नेमकी तीच माणसे रांगेत उभी राहतात. एप्रिल २०२१ मध्ये किराणा दुकानांची वेळ सकाळी ७ ते ११ अशी केली होती, तेव्हा काय झाले ते आठवा. दिवसभर विखरून येणारे गिऱ्हाईक त्या चार तासांत एकाच वेळी येऊ लागले. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरकरांनी जीव ओतून मदत केली, ती सवय आपल्या अंगात आहे. पण पुरातल्या मदतीची रीत साथीत चालत नाही. पुरात जितके हात जास्त तितके बरे, आणि साथीत एका दाराशी जितकी कमी माणसे येतील तितके बरे. आराखड्याच्या पहिल्या पानावर एवढे लिहिलेत, तर बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतील.

आमच्या कामात उपयोगी पडली ती व्यवस्था अशी की वीस-पंचवीस घरांमागे त्याच गल्लीतला एक माणूस नेमायचा, आणि तो बदलायचा नाही. रोज वेगळा कार्यकर्ता आला तर म्हाताऱ्या माणसांना दार उघडायची भीती वाटते, शिवाय कालच्यापेक्षा आज काय बिघडले आहे हे नव्या माणसाला कळत नाही. त्या माणसाजवळ एक साधी वही असावी. एकटे कोण राहते, बीपी-शुगरच्या गोळ्या कोणाला चालू आहेत, डायलिसिससाठी कोणाला जावे लागते, गरोदर कोण आहे, तान्ह्या बाळाची लस कोणत्या महिन्यात आहे, कोणाला ऐकू कमी येते आणि कोणाच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते, एवढे तिच्यात असले की पुरे. ही वही साथ आल्यावर भरायला घेतली तर उशीर झालेला असतो. गणपतीच्या वर्गणीला घरोघरी जाता, त्या फेरीतच ती भरून होते.

माझ्या भागातल्या एका गल्लीचे काम कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीकडे होते. तिथे माडीवर एक आजी एकट्या राहत. जिना अरुंद, म्हणून वर जायचे नाही असे ठरले होते. आजी दोरीला पिशवी बांधून खाली सोडायच्या, मुलगी तिच्यात दूध आणि गोळ्या ठेवायची आणि चार पावले मागे सरून वर बघत विचारायची, “आजी, काल रात्री काय जेवलात? कशाची भाजी केली होती?” “बरं आहे का?” असे ती कधी विचारत नसे, कारण त्याला सगळीच म्हातारी माणसे “बरं आहे” म्हणतात. लांबलचक उत्तर द्यावे लागले की माणसाला दम लागतो आहे का, हे खालूनही ऐकू येते. एके दिवशी आजी “दोडक्याची” एवढे म्हणून थांबल्या, श्वास घेतला, मग “भाजी” म्हणाल्या. मुलीने लगेच मला फोन केला. पिशवीतूनच ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचे यंत्र, वर पाठवला, तर आकडा नव्वदच्या खाली होता. १०८ ची गाडी बोलावून त्यांना सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेले, आणि आजी बऱ्या होऊन घरी आल्या. हे काम करणारा माणूस डॉक्टर असावा लागत नाही, पण तो रोजचा असावा लागतो.

पुराच्या आकड्यांसारखा आकडा तुम्ही विचारत आहात, तर श्वासाच्या साथीत तो ऑक्सिमीटरवर मिळतो. पाच मिनिटे शांत बसून, नखाला रंग नसलेल्या आणि गार न पडलेल्या बोटावर मोजायचे. आकडा ९४ च्या खाली आला, किंवा घरातल्या घरात सहा मिनिटे चालल्यावर आधीपेक्षा तीन किंवा अधिक अंकांनी उतरला, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे. ज्यांना बसल्या जागी दम लागतो त्यांना मात्र चालायला लावू नये. आणि आकडा चांगला असूनही माणूस गळून गेला असेल, बरळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकड्यावर विसंबू नये.

वाड्यातल्या सामायिक शौचालयाचा प्रश्न खरोखर अवघड आहे. आम्ही शक्य तिथे असे केले की आजारी माणसाने सर्वांत शेवटी जायचे, मास्क लावूनच जायचे, आणि नंतर दार-खिडकी बराच वेळ उघडी ठेवायची. अशा साथी बंद जागेतल्या हवेतून पसरतात, म्हणून वाड्याचा चौक, सोपा (ओसरी), जिन्यावरची खिडकी जितकी उघडी राहील तितके चांगले. थंडीत लोक खिडक्या लावून घेतात, तेव्हा हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

आणखी एक गोष्ट बायकांच्या वतीने सांगते. घरे बंद असतात तेव्हा काही घरांत आजारापेक्षा माणसाचा त्रास जास्त होतो. गल्लीची जबाबदारी शक्यतो बाईकडे किंवा मुलीकडे द्या, म्हणजे ज्या घरातली सून रोज दाराशी येत होती आणि अचानक येईनाशी झाली, ते तिच्या लक्षात येईल. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा.

उत्तर २ : औषध दुकानदार, लक्ष्मीपुरी

ताईंनी लिहिलेले सगळे पटले. फवारणीबद्दल आणि औषधांबद्दल मी माझ्या अनुभवाने भर घालतो.

रस्त्यांवरून फवारणी करण्यात मंडळाचा पैसा आणि पोरांची ताकद खर्च होते, आणि हाती फारसे काही लागत नाही. माणसांच्या अंगावर फवारा मारणे तर घातकच आहे; एप्रिल २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तसे करू नये, असे स्पष्ट कळवले होते. त्या पैशातून प्रत्येक गल्लीला एक चांगला ऑक्सिमीटर, एक थर्मामीटर आणि मास्क घ्या. शौचालयाच्या कड्या, नळाच्या तोट्या पुसण्यासाठी हायपोक्लोराइट हे जंतुनाशक जरूर वापरा, पण ते संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि वाड्यातल्या लहानशा मोरीत तो जिवावर बेतू शकतो. सफाई करणाऱ्या बाईंना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

औषधांचे सांगायचे तर टाळेबंदीत आमच्या दुकानासमोर सगळ्यात जास्त खोळंबा होत असे तो चिठ्ठी नसल्यामुळे. आजोबांनी शेजारच्या मुलाला पाठवलेले असायचे आणि तो सांगायचा, “बीपीची पांढरी गोळी द्या.” पांढऱ्या गोळ्या शंभर प्रकारच्या असतात. म्हणून गल्लीच्या वहीत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स चिकटवा, आणि गोळ्यांच्या पाकिटाची जी मागची बाजू असते, जिथे औषधाचे मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम हे छापलेले असते, तिचा फोटो काढून ठेवा. एका कंपनीची गोळी मिळाली नाही तरी डॉक्टरांना विचारून त्याच घटकाची दुसरी देता येते. पण त्यासाठी घटक कोणता हे कळले पाहिजे. संपूर्ण गल्लीच्या चिठ्ठ्या एका माणसाने आदल्या दिवशी आणून दिल्या, तर दुकानदार पिशव्या भरून तयार ठेवतो आणि पंचवीस माणसांच्या जागी एकच माणूस येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांची नावे वेगळी काढा, कारण ते गार ठेवावे लागते आणि उन्हातून दुचाकीच्या डिकीत ठेवून फिरवता येत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मी हात जोडून विनवतो. मंडळाच्या वतीने गोळ्यांची किट वाटू नका. दुसऱ्या लाटेत मोबाइलवर फिरणाऱ्या यादीवरून लोक स्टेरॉइड मागायला येत होते. साधा ताप असलेलेही येत आणि शुगर असलेलेही येत. ऑक्सिजन कमी झालेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर स्टेरॉइडने जीव वाचतो, पण शुगरवाल्याने आपल्या मनाने घेतले तर साखर भडकते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने ज्यांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांत साखर ताब्यात नसलेले आणि स्टेरॉइड घेतलेले रुग्ण मोठ्या संख्येने होते. चांगल्या हेतूने वाटलेल्या पाकिटातून असे नुकसान व्हावे, हे मला आजही सहन होत नाही. पॅरासिटामॉल आणि मीठ-साखरेचे पाणी यापलीकडे मंडळाने जाऊ नये. कोणाला सल्ला हवा असेल तर १०४ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर फोन लावून द्यावा.

उत्तर ३ : मंगळवार पेठेतील रहिवासी

व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल थोडेच लिहितो. माझा अहवाल आला त्या संध्याकाळी माझे नाव, घर आणि वय आमच्या गल्लीच्या गटावर फिरत होते. आमचा दुधाचा रतीब दुसऱ्या दिवशी बंद झाला आणि माझ्या आईला नळावर पाणी भरू दिले नाही. परिणाम असा झाला की पुढच्या घरात ताप आला तेव्हा त्यांनी तपासणीच केली नाही आणि आठ जणांच्या कुटुंबात तो सगळ्यांना झाला. गट ठेवायचा असेल तर त्यावर फक्त सूचना द्या, म्हणजे भाजीची गाडी कधी येणार, पाणी कधी येणार, लसीकरण कुठे आहे, एवढेच. रुग्णाचे नाव गल्लीच्या वहीबाहेर जाता कामा नये, आणि ज्या दारावर रुग्ण आहे त्या दाराशी दूध ठेवायला पहिल्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष स्वतः गेला पाहिजे. तो जातो हे लोकांनी पाहिले की बाकीचे गप्प बसतात.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. पिशव्यांचे वाटप आणि फवारणी आम्ही आराखड्यातून काढून टाकत आहोत. परप्रांतीय कामगारांचे काय करावे, आणि टाळेबंदीतच पूर आला तर काय, यावर कोणाला काही सांगता येईल का?

उत्तर ४ : नदीकाठचा रहिवासी

जुलै २०२१ मध्ये आम्ही दोन्ही एकदम भोगले आहे. सुतारवाड्यासारख्या भागांत पाणी पहिल्यांदा शिरते आणि तिथल्या कुटुंबांना दरवर्षी हलवावेच लागते, पण त्या वर्षी ज्या घरात रुग्ण विलगीकरणात होता त्या घराला इतरांबरोबर एका सभागृहात कसे झोपवायचे, हा पेच उभा राहिला. म्हणून निवाऱ्याच्या प्रत्येक जागेत स्वतंत्र दार असलेली एक खोली आधीच राखून ठेवा, तिथली शौचालये कोणती ते ठरवा, आणि पाणी इशारा पातळीकडे जाऊ लागताच, म्हणजे रात्रीची पळापळ सुरू होण्यापूर्वी, रुग्ण असलेली कुटुंबे आधी हलवा. गल्लीची वही इथेही कामास येते, फक्त ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

कामगारांबद्दल सांगायचे तर त्यांना कोरडा शिधा देऊन भागत नाही. एका खोलीत सहा-सात जण राहतात, गॅसची टाकी लहान असते, ती संपली की तांदूळ तसाच पडून राहतो. त्यांना शिजवलेले जेवण हवे असते. शिवभोजन थाळी पहिल्या टाळेबंदीत १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणली आणि एप्रिल २०२१ मध्ये काही काळ मोफत केली, तिचा आधार अशाच लोकांना झाला. पुढे सरकार काय देईल ते तेव्हा कळेल. पण त्यांच्या खोल्या आजच वहीत घ्या, आणि त्यांच्यातलाच एक जण त्यांच्या खोल्यांसाठी नेमा. मे २०२० मध्ये गावी जाणाऱ्या श्रमिक गाड्यांची बातमी आली, तेव्हा नोंदणी कुठे आणि कशी करायची हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगणारे कोणी नव्हते, म्हणून शेकडो माणसे उन्हात चौकशी करत फिरत होती. घरमालकाशीही आधीच बोलून ठेवा, की टाळेबंदीत भाड्यासाठी कोणाला खोलीबाहेर काढायचे नाही. अशी बोलणी तालमीच्या वडीलधाऱ्यांनी केली तर मालक ऐकतात.

प्रश्नकर्ता

हे दोन्ही मुद्दे घेतो. एक शंका उरली आहे : एवढी खासगी माहिती असलेली वही ठेवायची कोणाकडे?

उत्तर ५ : आशा सेविका, कोल्हापूर शहर

गल्लीची वही गल्लीच्याच माणसाकडे ठेवा, आणि तो आजारी पडला तर घेणारा दुसरा कोण, त्याचे नाव फक्त तालमीत लिहून ठेवा. सगळ्या वह्या एका जागी गोळा करू नका, मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका, आणि निवडणुकीच्या दिवसांत कोणी मागायला आले तर देऊ नका. आजारपणाची पाने वेगळी ठेवा आणि साथ ओसरली की ज्याची त्याला परत द्या. गोळ्यांची यादी दर सहा महिन्यांनी बदलते, तेव्हा ती दिवाळीआधी आणि जूनमध्ये पुन्हा तपासावी लागेल. जूनमध्ये तुम्ही पुराच्या आराखड्यासाठी फिरताच, तेव्हा मला कळवा. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोघी-तिघी सेविका तुमच्याबरोबर येतील.