काबाल्लुसने एक्वुसला खरंच हरवलं का?

रानवाट: लॅटिनमध्ये घोडा म्हणजे एक्वुस, आपल्या ‘अश्व’चा सख्खा भाऊ. पण लॅटिनच्या लेकींकडे बघा: फ्रेंच शव्हाल, स्पॅनिश काबाय्यो, इटालियन काव्हाल्लो, रोमानियन काल. सगळे काबाल्लुसचे वंशज! हा शब्द इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या रोमन कवी ल्युसिलियसकडे सापडतो, आणि त्याचा अर्थ साधं, ओझ्याचं तट्टू. रोमन कवी होरेसच्या एका पत्रकाव्यात शेतीपायी बुडालेला लिलाववाला मध्यरात्री रागाने घोडा काढतो आणि ज्याने शेतीच्या नादी लावलं त्याच्या दारात जाऊन ‘मला माझं जुनं आयुष्य परत दे’ म्हणतो. तिथे होरेस काबाल्लुस लिहितो. दिमाखदार शब्द ग्रंथांत राहिला, कामाचा शब्द जगला. पुढे त्यातूनच काबाय्येरो, शव्हालिए असे सरदारी शब्द निघाले. माझ्या मते हा सरळसरळ कष्टकऱ्यांच्या बोलीचा विजय आहे.

शब्दपारखी: सहमत नाही. एक्वुस मेलाच नाही, त्याची मादी जिवंत आहे! घोडीला स्पॅनिशमध्ये येग्वा, पोर्तुगीजमध्ये एग्वा, रोमानियनमध्ये यापा, सार्डिनियनमध्ये एब्बा. सगळे ‘एक्वा’चे वंशज. खरं कारण उच्चाराचं असावं. बोलीत एक्वुस आणि ‘समान’ या अर्थाचा एक्वुस (ग्रंथात ‘ऐक्वुस’) सारखे ऐकू येऊ लागले.

रानवाट: मग ‘समान’चं स्त्रीलिंगही ‘एक्वा’च झालं होतं. घोटाळ्यामुळे शब्द मरत असेल तर घोडीही मरायला हवी होती. ती का वाचली?

तळटीप: उगमाचं काय? काबाल्लुस गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, केल्टिक बोलींतून आला असं शिकवलं जातं.

शब्दपारखी: मला ते पटत नाही. गॉलच्या लोकांचा घोड्याचा शब्द ‘एपोस’. त्यांची अश्वदेवता एपोना त्यावरूनच. आयरिश कापल आणि वेल्श केफिल हे उलट लॅटिनकडून गेलेले असावेत. ग्रीकमध्ये काबाल्लेस आहे, स्लाव्ह भाषांत घोडीला कोबिला. मला पूर्वेकडची वाट जास्त संभवनीय वाटते.

मावळतीर: आपल्याकडेही हेच घडलं आहे. अश्व संस्कृतात राहिला, बोलीत ‘घोटक’चा घोडा झाला, आणि घोटकचा उगमही असाच वादग्रस्त. अश्व उरला तो अश्वशक्ती, अश्वारूढ अशा समासांत. रानवाटला माझा पाठिंबा. उच्चारावर सगळं टाकलं तर दोन भाषांतलं हे साम्य उलगडत नाही.

शब्दपारखी: साम्य म्हणजे कारण नव्हे. ‘अश्व’चा कुणाशी घोटाळा झाला होता? प्रत्येक भाषेचं कारण वेगळं शोधावं लागेल. शिवाय १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने घोड्याला शास्त्रीय नाव दिलं एक्वुस काबाल्लुस. शास्त्रात दोघे शेजारी आहेत!

रानवाट: शास्त्राचं नाव एका माणसाने ठेवलं, बोलीतले शब्द लाखो तोंडांनी निवडले. आणि तुमच्या घोडीकडेच परत येतो. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एक्वा’पासून आलेला ‘ईव्ह’ होता. तो गेला आणि आज घोडी म्हणजे जुमाँ. हा लॅटिन ‘युमेंतुम’ म्हणजे ओझ्याचं जनावर! फ्रान्समध्ये कामकऱ्यांचा शब्द दोनदा जिंकला, आणि दुसऱ्यांदा ‘समान’शी घोटाळा कुठे होता ते सांगा.